बुचाचे दोन दांडे

३ मार्च, मंगळवार

विसरलास ना? काल तर सगळं सांगितलं तुला, नावगावासकट — आणि आज पान उलटलं तर कोराच्या कोरा! इतकी वाईट आठवण आमच्या म्हाताऱ्याचीही नाही, आणि त्याच्या तर डोक्यातली शीर फुटली आहे.

पुन्हा सांगते, कागदा, नीट ऐक. मी देल्फिना. शाळेत गेले नाही. अक्षरं मला द्राक्षवेलीच्या तणाव्यांसारखी दिसतात — सगळी वळलेली, एकाचंही टोक हाताला लागत नाही. लिहिते ती इर्मा, शेजारची शिंपीण. डॉक्टर म्हणाले, सेकोंदो, माझा नवरा, काय खातो, काय पितो, झोपतो का, रोज लिहून ठेवा. ते इर्मा वेगळ्या चिठ्ठीवर उतरवून त्यांना देते. पण वही जाड, म्हातारा खातो थोडं. उरलेल्या जागेचं काय करायचं? बोलते मी.

इर्मा विचारते, मावशी, हेही लिहू का? लिही. सगळं लिही. तू शिवताना कापडाला विचारतेस का?

आज: दुधात भिजवलेला पाव, अर्धाच. मक्याचा घाटा नेला तर ओठ मिटून घेतले. आयुष्यभर घाट्यावर जगला आणि आता रुसून बसलाय.

४ मार्च

कालच्यासारखंच. पाऊस नाही, ऊन नाही, घाटा नाही.

५ मार्च, गुरुवार

सकाळपासून डाव्या हाताने पलंगाची लाकडी कड ठोकतोय. टक्. थांबतो. टक्. थांबतो.

उजवी बाजू नोव्हेंबरातच गेली. द्राक्षं तोडून झाली, वाइन मुरली, मोठ्या काचेच्या बुधल्यांत भरली, आणि मग अंगणात बादली धुताधुता हा खाली बसला तो बसलाच. बोलणंही गेलं. तोंडातून एकच आवाज येतो — ‘बो’. हो म्हणायचं तरी बो, नाही म्हणायचं तरी बो. तसा आमच्या संसारात तो याहून फार बोलला नाही, त्यामुळे माझं काही अडत नाही. पण आज अडलं.

पाणी नेलं, तोंड फिरवलं. भांडं नेलं, डोळे वटारले. उशी बदलली, खिडकी उघडली, खिडकी लावली. शेवटी म्हटलं, पाद्रीबाबांना बोलावू? तेव्हा असा काही ‘बो’ ओरडला की दारातल्या कोंबड्या पळाल्या. म्हणजे पाद्री नको. अजून नको. मला बरं वाटलं.

ठोकणं मात्र चालूच.

६ मार्च

कळलं!

बटाटे सोलत होते. टक्. आणि हातातली सुरी थांबली. हा आवाज तर मी दर मार्चात ऐकते. वरून नाही, खालून. स्वयंपाकघराच्या फरशीखालून. हा तळघरात बाटल्यांना बुचं मारतो तेव्हा मोगरीचा आवाज असाच येतो, पायाच्या तळव्यांना आधी कळतो, कानांना नंतर.

त्याच्यासमोर गेले. विचारलं, वाइन? डोळे मिटले, उघडले. बाटल्या भरायच्या? मग हात खाली ठेवला आणि पहिल्यांदा नीट झोपला.

मार्चाची पौर्णिमा उलटली की उतरत्या चंद्रावर बाटल्या भरायच्या, हे इथे लहान पोरालाही ठाऊक आहे. चढत्या चंद्रावर भरली तर वाइन बाटलीत फेसाळते, बुचं उडवते. अमावस्येच्या आत संपवायचं. आणि मग ती बाटली उघडायची नाही. नवी द्राक्षं वेलीवर काळी होईपर्यंत तशीच आडवी ठेवायची.

म्हणजे बघ, कागदा. बाटल्या भरायला सांगतोय म्हणजे त्याला ती प्यायची आहे. द्राक्षं काळी होतील तेव्हा. डॉक्टर दारात उभे राहून इर्माला हळूच काय सांगत होते ते मी ऐकलं, मी निरक्षर आहे, बहिरी नाही. पण ज्याला जायचंय तो माणूस कशाला भरून ठेवील? त्याचं गणित डॉक्टरांपेक्षा मला पटतं.

इर्मा मान खाली घालून लिहिते आहे. माझ्याकडे बघ तरी.

७ मार्च

एक अडचण. मी आजपर्यंत एकाही बाटलीला बूच मारलेलं नाही.

बाटल्या भरायच्या दिवसांत बाईने तळघरात पाय ठेवायचा नाही, वाइन आंबते म्हणून. लग्न होऊन आले तेव्हा सासूने सांगितलं. पुढे मी म्हातारी झाले, ज्या कारणासाठी मनाई होती ते कारणच संपलं, पण मनाई उठवायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. मी वर सूप ढवळायचे, हा खाली ठोकायचा. संध्याकाळी वर यायचा तेव्हा मिशीला वाइनचा वास आणि चेहऱ्यावर जणू काही गुपित ठेवून आल्यासारखं.

इर्माला म्हटलं, तू चल मदतीला. म्हणते, नको मावशी, मी अजून तितकी म्हातारी झाले नाही, उद्या वाइन बिघडली तर माझ्या माथी माराल. बरं. एकटीच.

त्याने खाल्लं: भाताचं पातळ सूप, एक वाटी. वाइनचं बोलणं निघाल्यापासून भूक आली आहे!

९ मार्च, सोमवार

तालीम केली. पाणी भरून.

त्याचं जुनं साधन असं: लाकडाचा एक जाड नळा. त्यात भिजवलेलं बूच ठेवायचं, नळा बाटलीच्या तोंडावर उभा धरायचा, वरून लाकडी दट्ट्या घालायचा आणि दट्ट्यावर मोगरी हाणायची. त्याच्या हातात सोपं दिसायचं म्हणे. मला नळा धरायला एक हात, बाटली धरायला एक हात आणि मोगरीला एक — असे तीन लागतात. देवाने दोन दिले, त्यातला उजवा खांदा वेली छाटून छाटून गेलेला.

पहिल्याच घावाला बाटलीची मान तुटली. काच माझ्या एप्रनमध्ये. वरून टक् ऐकू आलं — त्याने पलंग ठोकला. विचारतोय, काय झालं? मी खालूनच ओरडले, काही नाही, मांजर!

आमच्याकडे मांजर नाही.

१२ मार्च, गुरुवार

बाजाराच्या बसने खाली गेले, ओत्ताव्योच्या हार्डवेअरच्या दुकानात. इर्मा म्हाताऱ्यापाशी बसली.

ओत्ताव्योला म्हटलं, बूच मारायचं काहीतरी दे, मोगरीशिवाय. त्याने आधी सेकोंदोची चौकशी केली, टोपी काढली, मला वाटलं शोकसभाच घेतो. म्हटलं, टोपी घाल, तो अजून जेवतो.

मग त्याने तीन पायांचं उभं यंत्र दाखवलं. खाली स्प्रिंग, त्यावर बाटली ठेवायची, वरचा लांब दांडा खेचला की बूच चारी बाजूंनी दाबलं जाऊन लोण्यात बोट घातल्यासारखं आत जातं. मावशी, हेच घ्या, लहान मुलगाही करील. यंत्र छानच. पण त्याचं वजन एका शेळीएवढं, आणि बसथांब्यापासून आमच्या घरापर्यंत चढ. म्हटलं, तू येतोस का उचलून? तो हसला. मग नाही.

दुसरं हातातलं. मध्ये पितळी नळी, वर दट्ट्या, दोन बाजूंना दोन दांडे, उडायला निघालेल्या कोंबडीसारखे. नळीत बूच घालायचं, बाटलीच्या तोंडावर बसवायचं आणि दोन्ही दांडे एकदम खाली दाबायचे. त्याने रिकाम्या बाटलीवर करून दाखवलं, सट्कन गेलं. रिकाम्या बाटलीत कोणीही घालील, मी म्हटलं. तेव्हा त्याने पाणी भरून मला दिलं. बूच वाकडं गेलं, अर्धं बाहेर.

“दोन्ही हात सारखे दाबा, मावशी. एक हात जड पडला की बूच तिरकं जातं.”

माझे दोन्ही हात पन्नास वर्षांत कधी सारखे चालले नाहीत, एकाने मूल धरलं, एकाने ढवळलं. पण हे टोपलीत मावतं, मी उचलू शकते. हेच घेतलं. बुचंही घेतली, दाबून बघून बघून, नाकाला लावून. ओत्ताव्यो कंटाळला. कंटाळू दे. कुबट बूच म्हणजे वर्षभराची मेहनत ओल्या भिंतीसारखी लागणार.

म्हाताऱ्याला दाखवलं नाही. त्याला लोखंडी वस्तू तळघरात चालत नाहीत. मोगरीच आहे असं समजू दे.

१३ मार्च

इर्मा म्हणाली, काल तुम्ही नव्हता तर काका सारखे दाराकडे बघत होते.

हे चिठ्ठीवर लिहायचं नाही. हे इथेच.

१९ मार्च, सेंट जोसेफ

बाटल्या धुतल्या. सोडा, गरम पाणी, आत छोटी साखळी घालून खळखळ. उन्हात उलट्या घातल्या. त्याचा पलंग खिडकीपाशी ओढला तर सगळा वेळ बाटल्यांकडे बघत होता, एखादा सेनापती सैन्य बघतो तसा.

खाल्लं: सणाचं गोड भजं, अर्धं. तोंडाच्या वाकड्या कोपऱ्यातून साखर सांडली, मी पुसली, त्याने माझं बोट चावलं! मुद्दाम. डॉक्टरांना कळव, दात शाबूत आहेत.

२३ मार्च, सोमवार

पौर्णिमा. उद्यापासून.

२४ मार्च

कुठून सुरू करू. चुकांतूनच करते.

सकाळी खाली उतरले. पायरीवर थांबले. सासू जाऊन किती वर्षं झाली तरी पाय थांबलाच. मग म्हटलं, सासूबाई, तुमचा मुलगा वर पडलाय, बोला आता. आणि उतरले.

बुधल्यातल्या वाइनवर तेलाचा पातळ थर असतो, हवा लागू नये म्हणून. तो कापसाने टिपला. रबरी नळी आत सोडली आणि तोंडाने ओढ घेतली. ओढ जरा जोरात गेली. सकाळी सातला पोटात घोट! वाइन अजून कडक आहे, तरुण, पण खाली कुठेतरी काळ्या बोरासारखं काहीतरी. चांगली होणार आहे. द्राक्षं काळी होईपर्यंत चांगली होणार आहे.

एकेक बाटली काठोकाठ भरली. दांडे दाबले. चार वाकडी गेली, मग हात बसला. वर सांगायला आले तर हा रडतोय. आवाज नाही, नुसतं पाणी कानात जातंय.

मला समजेना. हसून बोलले, दाढी करू का विचारलं. मग लक्षात आलं. या यंत्राला आवाजच नाही! मोगरीचा एकही ठोका वर आला नाही. त्याला वाटलं मी खाली जाऊन नुसती बसले. किंवा वाइन बिघडली. किंवा मी विकून टाकली.

पुन्हा खाली गेले. दर बाटलीला दांडे दाबले आणि मग त्याची जुनी मोगरी घेऊन फळीवर एक हाणली. टक्. दांडे, टक्. दांडे, टक्.

दुपारी वर आले तर शांत पडला होता. पूर्ण वाटी सूप संपवलं.

२५ मार्च

मी गाढव आहे. इर्मा, गाढव असंच लिही.

सकाळी खाली गेले तर कालची निम्मी बुचं बोटभर वर आलेली. काही उडून जमिनीवर. तळघरात लग्नघरासारखा वास. मला वाटलं चंद्र मोजायला चुकले. मग वाटलं, सासूच.

एक बाटली घेऊन वर आले, म्हाताऱ्याच्या नाकासमोर धरली. म्हटलं, बघ, तुझी वाइन मला ओळखत नाही. त्याने बाटली बघितली आणि डावा हात वर केला, दोन बोटं ताठ.

इथे दोन बोटं म्हणजे शिंगं, म्हणजे बायको दुसऱ्याकडे जाते हे सांगायची खूण. म्हटलं, मला शिंगं दाखवतोस? या वयात? कुणाबरोबर, ओत्ताव्योबरोबर? तोंडाचा चांगला कोपरा हसला. मग त्याने ती दोन बोटं आडवी केली, बाटलीच्या मानेवर ठेवली, तोंडाखाली. पुन्हा ठेवली.

दोन बोटं जागा सोडायची. काठोकाठ नाही!

मी भरली होती काठोकाठ, कारण आमच्या घरात कुणाला अपुरा पेला दिलेला नाही. बाटलीलाही उणं द्यावं असं हाताला वाटेना. पण वाइनलाही श्वास घ्यायला जागा लागते म्हणे. दाटून बसवली की बूच ढकलून बाहेर येते. हे तो बोलला नाही, मी समजून घेतलं.

सगळ्या उघडल्या, दोन बोटं कमी केल्या, पुन्हा दाबल्या. प्रत्येकीला टक्. आणि लगेच आडव्या नाही केल्या. बूच आधी फुगून बसू द्यावं लागतं, हेही त्यानेच बाटली उभी धरायला लावून सांगितलं. तळहात पुढे करून — थांब, थांब.

इतकं तर तो निरोगी असताना बोलला नाही.

२६ मार्च

थोडं दूध. ताप नाही. दुपारनंतर पाय थंड.

२७ मार्च, गुड फ्रायडे

आज भरायचं नाही. शोकाचा दिवस म्हणून घंटा बांधलेल्या, त्यांच्याऐवजी चर्चची लाकडी खुळखुळी तेवढी गल्लीतून गेली. इर्मा म्हणाली, आज ठोकलंत तर गाव काय म्हणेल. नाही ठोकलं. म्हाताऱ्याला कपाळावर हात ठेवून सांगितलं, आज शुक्रवार.

त्याचा हात किती हलका झालाय. मी उचलला तर पानासारखा वर आला.

२८ मार्च, शनिवार

आज इर्मा वर त्याच्यापाशी बसली होती, मी खाली. वर आले तर तिने सुई खाली ठेवली.

“मावशी, तुम्ही टक् केलंत की काका मान हलवतात. नाही म्हणून. आणि हसतात.”

खाली जाऊन विचार केला. मोगरी आणि दट्ट्या — बूच आत जाताना एकाच बाटलीला तीन-चार ठोके लागायचे, पहिला पोकळ, शेवटचा घट्ट. मी मात्र दर बाटलीला फळीवर एकच हाणत होते, सगळे सारखे. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं! तरी पूर्ण वाटी सूप प्यायला. मी त्याला फसवत होते आणि तो मला फसवू देत होता.

खूप वेळ खालीच बसून राहिले. वाइनचा वास डोळ्यांत जातो.

२९ मार्च, ईस्टर

आमचा मुलगा रेमो तोरिनोहून आला. मोटारींच्या कारखान्यात आहे तो. बायको मुलांना घेऊन तिच्या माहेरी. चॉकलेटचं मोठं अंडं आणलं, बापाला दाखवलं, बापाने भिंतीकडे तोंड केलं. जेवताना म्हणतो, आई, तू एवढी ढोरमेहनत कशाला करतेस, बुधल्यातच विकून टाकू, आणि बाबांना शहरात ठेवू, तिथे चांगली व्यवस्था आहे.

सेकोंदोने डावी मूठ आवळली, रेमोने ती पाहिली, विषय संपला. जाताना बापाच्या पायाचा अंगठा धरून उभा राहिला. लहानपणी असाच झोपायचा, अंगठा धरून. मग गाडी उतारावरून गेली.

खाल्लं: कोकराच्या मांसाचं पाणी, तीन चमचे.

३० मार्च, सोमवार

आज यंत्र वर आणलं. लपवायचं काय उरलं?

त्याने डाव्या हातात घेतलं, उलटसुलट केलं, दांडे उघडले, मिटले, नळीत बोट घातलं. आणि तोंडाचा चांगला कोपरा वापरून थुंकला. म्हटलं, थुंक, पण तुझ्या मोगरीने माझ्याकडून बाटली फुटते.

मग मला सुचलं. किंवा त्याला सुचलं, मला वाटलं मला सुचलं. ठेंगणं स्टूल त्याच्या डाव्या बाजूला ठेवलं, भरलेली बाटली माझ्या लाकडी जोड्यात उभी केली म्हणजे घसरणार नाही, वर यंत्र. एक दांडा त्याच्या हाताखाली. दुसरा माझ्या.

पहिलं बूच तिरकं गेलं. मी जोर केला, त्याने नाही. दुसरं तिरकं गेलं, त्याने जोर केला, मी बोलत बसले. तो ‘बो’ म्हणाला. तिसऱ्याला मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. दाबलं. गेलं! सरळ, सपाट, काचेच्या बरोबरीने.

त्याने अंगठ्याने बूच चाचपलं, चव बघावी तसं.

मग संपूर्ण दुपार आम्ही तसेच. मी खालून भरून आणायची, जिना चढायची, दम घ्यायची, दोघांनी दाबायचं. खिडकीतून ऊन येत होतं. इर्मा शिवणाचं काम घेऊन बसली होती, एकदा तिने सुई थांबवली आणि बाहेर गेली. नाक शिंकरून आली.

लिही ना, इर्मा. खरं आहे ते.

१ एप्रिल, बुधवार

आजही. त्याचा जोर कमी पडतो म्हणून मीही माझा कमी केला. बूच हळूहळू जातं, पण सरळ. तो मध्येच झोपतो, दांड्यावर हात ठेवूनच. मी थांबते. बाटलीही थांबते. उठला की मी म्हणते, हं, आणि तो दाबतो.

मी त्याला सांगितलं, द्राक्षं काळी झाली की पहिली बाटली तुला, रेमोला नाही, पाद्रीबाबांना नाही. तो खिडकीबाहेर बघत राहिला. वेली अजून उघड्याच आहेत, नुसत्या काड्या. कोंब यायचे आहेत.

२ एप्रिल

जवळजवळ सगळं झालं. खाली एकच बुधला उरला, कोपऱ्यातला, सर्वांत मोठा.

खाल्लं: काही नाही. पाणी कापसाने.

३ एप्रिल, शुक्रवार

शेवटच्या बुधल्यातली पहिली बाटली भरून आणली. स्टुलावर ठेवली. यंत्र बसवलं, त्याचा हात उचलून दांड्यावर ठेवला.

त्याने हात काढून घेतला.

मी पुन्हा ठेवला. त्याने पुन्हा काढला, आणि यंत्र ढकललं, जमिनीवर पडलं. मला राग आला. म्हटलं, चंद्र संपत आलाय, सेकोंदो, हा बुधला राहिला तर हवा लागून व्हिनेगर होईल, सॅलडवर घालायला एवढं व्हिनेगर कशाला. तो ‘बो’ म्हणाला. रागाचा नाही. मऊ.

मग हात उचलला. पेला तोंडाला लावल्यासारखं केलं. बोट दाराकडे, बाहेर, मग या घराकडे, त्या घराकडे, सगळ्या गल्लीकडे फिरवलं. नंतर स्वतःकडे. आणि डावा हात आपल्या छातीवर ठेवला, उजवा मेलेला हात मला उचलायला सांगितला, तो त्याच्यावर ठेवला. एकावर एक. डोळे मिटले. उघडले. माझ्याकडे बघितलं, समजलं का?

मी म्हटलं, नाही समजलं. काय नाटकं करतोस. आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली, स्वच्छ होती तीच.

कागदा, मला इतके दिवस वाटत होतं तो बाटल्या भरतोय कारण त्याला प्यायच्या आहेत. तो आवरत होता. नांगर धुऊन ठेवतात तसं. बाटल्या माझ्यासाठी आणि रेमोसाठी होत्या, आणि तो शेवटचा बुधला —

नको. इर्मा, पुरे आज.

४ एप्रिल

संध्याकाळी पाद्रीबाबांना बोलावलं. या वेळी ‘बो’ म्हणाला नाही.

५ एप्रिल, रविवार

सेकोंदो पहाटे गेला. माझा हात त्याच्या हाताखाली होता, मी काढला नाही, गार होईपर्यंत काढला नाही.

इर्मा, रेमोला तार कर. वाइन आणू नकोस म्हणावं, पाव आणू नकोस, फुलं तर मुळीच नकोत. वाइन आहे, सगळ्या गल्लीला पुरेल एवढी, त्याच्या बाबांनी काढून ठेवलीय. मातीला येणाऱ्यांना वाढायला चणे पाठव म्हणावं, मोठे, चांगले पोतंभर, आणि डुकराची खारवलेली कातडी. आजच पाठव. शिजायला वेळ लागतो.